दुसरं आरएसएस

आरएसएस म्हटलं की आपल्या पोरांच्या कपाळाला आठी पडते. पडलीच पाहिजे. त्यातून डोंबिवलीत वाढलेल्या पोराला तर काही सांगायलाच नको. पण आज मी ज्या आरएसएसबद्दल लिहितोय त्याला काठी नाही, शाखा नाही, नागपूर नाही. रिअली सिंपल सिंडिकेशन. म्हणजे एकदम सोपं वाटप. १९९९ साली अमेरिकेत नेटस्केप कंपनीत ते निघालं, काढणाऱ्यांत एक रामनाथन गुहा, इथलाच माणूस. नाव असं पडलं त्याला आपण काय करणार? आणि त्याची खूण पण नारिंगी. बोंबला!

नाव सोडा, काम बघा. जगातल्या कुठल्याही विद्यापीठात तुमच्या-माझ्याबद्दल काही संशोधन छापून आलं, तर ते हे वाटप त्याच दिवशी तुमच्या हातातल्या मोबाइलवर आणून टाकतं. फुकट. कुणा साहेबाची चिठ्ठी लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला संशोधनाशी काय करायचंय? नोकरी नाही, भाडं वाढलंय, आणि हा चाललाय जर्नलं वाचायला. दोस्तांनो, संशोधनाला तुमच्याशी करायचंय ना! वस्तीत दोन-चार वर्षांनी कुणीतरी फॉर्म घेऊन येतं. जात कोणती, पोटजात कोणती, संडास घरात का सार्वजनिक, नवरा पितो का, पोरगी कितवीत शाळा सोडून बसली. आपली आई सगळं सांगते. वर चहा पाजते. ते लोक जातात ते जातातच. आईने सांगितलेल्याचा तक्ता होतो, तक्त्याचा पेपर होतो, पेपरावर कुणी प्राध्यापक होतं, कुणी जिनिव्हाला जाऊन भाषण करतं. आईला कळत नाही की ती तक्ता क्रमांक चारमध्ये आहे.

गोपाळ गुरूंनी २००२ सालीच हे दुखणं नेमकं पकडलं होतं. भारतातल्या समाजशास्त्रांत सिद्धांत मांडायचं काम ब्राह्मणांकडे आणि आकडे गोळा करायचं काम शूद्रांकडे, अशी वाटणी झालीय असं त्यांनी मांडलं. कुठे छापून आलं ते? इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीत. हे साप्ताहिक निघतं मुंबईतून. कल्याणहून फास्ट गाडीने तासाभराचं अंतर. पण तो लेख कल्याणच्या आपल्या वस्त्यांत पोचायला किती वर्षं लागली? बऱ्याच वस्त्यांत तो अजून पोचलेला नाही. तोपर्यंत त्या लेखावर दिल्लीत वाद झाले, उत्तरं-प्रत्युत्तरं झाली, पुस्तकं निघाली. आपल्या घरातलं भांडण, आणि आपण गल्लीत.

बाबासाहेब असे गल्लीत राहिले नाहीत. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी जातींवरचा निबंध वाचला, तेव्हा वय वर्षं पंचवीस. जयंतीला आपण हे सांगतो, टाळ्या घेतो. पण त्या निबंधात ते काय करतात ते बघा. आधी सेनार्ट काय म्हणतो, नेसफिल्ड काय म्हणतो, रिस्ले काय म्हणतो, केतकर काय म्हणतात ते घेतात, एकेकाची व्याख्या तपासतात, आणि मग स्वतःचं मांडतात. केतकरांचं जातिव्यवस्थेवरचं पुस्तक आलं होतं १९०९ साली. म्हणजे जातीवर तोवर जे जे ताजं छापलं गेलं होतं ते त्या पोराने वाचून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी, १९१७ साली, तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त आला. म्हणजे जर्नलातला पेपर हे आपल्याला परकं प्रकरण नाही. महाराचं पोर शंभर वर्षांपूर्वी तिथे जाऊन बसलेलं आहे.

आणि पँथर? पँथर नुसती रागावर उभी राहिली असं समजणारे खूप आहेत. राग तर आपल्या बापजाद्यांनाही होता. एलयापेरुमल समितीने दलितांवरच्या अत्याचारांचा अहवाल १९६९ साली दिला, १९७० साली तो संसदेत आला. दिल्लीतल्या कपाटात तो धूळ खात पडला असता. मुंबईतल्या पोरांनी त्यातला मजकूर उचलला, खेड्यापाड्यातल्या बातम्या त्याला जोडल्या, आणि १९७२ साली संघटना उभी राहिली. राजा ढाल्यांचा 'साधना'तला तो १५ ऑगस्टचा लेख का पेटला? त्यात राष्ट्रध्वजाच्या अपमानाची शिक्षा आणि दलित बाईच्या विटंबनेची शिक्षा शेजारी शेजारी ठेवली होती. शिवी नंतर आली, आधी हिशेब होता. तेव्हा वाचणं हे आपल्याकडे लढाईतलंच काम आहे. ते मागे पडलं, आणि त्याची जागा बॅनरवरच्या फोटोंनी घेतली, हा आपला आजचा प्रकार.

तर हे वाटप चालतं कसं. बहुतेक जर्नलांच्या पानावर एक साधी मजकुराची फाइल असते. नवा लेख आला की त्या फाइलीत त्याचं नाव, लेखकाचं नाव, बहुतेक वेळा चार ओळींचा सारांश आणि लेखाचा दुवा जाऊन बसतो. यालाच फीड म्हणतात. आपल्या बाजूला लागतो एक रीडर. फीडली आहे, इनोरीडर आहे, मोबाइलवर फीडर नावाचं फुकटचं अॅप आहे. मी झोटेरो वापरतो, कारण त्यात फीडही येतं आणि वाचलेले पेपर नीट लावूनही ठेवता येतात. जर्नलाच्या पानावरची ती नारिंगी खूण शोधायची, तिचा दुवा उचलायचा, रीडरमध्ये टाकायचा. झालं. नंतर रीडर आपणहून दर थोड्या वेळाने जाऊन बघतो, नवीन काही आलंय का. वस्तीतल्या नळासारखं समजा. फरक इतकाच की पाणी कधी येणार म्हणून पहाटे उठून हंडा लावायला लागत नाही.

मोठ्या प्रकाशकांच्या बहुतेक जर्नलांना हे फीड असतं. केंब्रिज, ऑक्सफर्ड, सेज, टेलर अँड फ्रान्सिस. सेजकडून 'कंटेंपररी व्हॉइस ऑफ दलित' निघतं. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठातून २०२० पासून 'कास्ट' नावाचं जर्नल निघतं, ते तर अख्खंच खुलं आहे, पैसा लागत नाही. पबमेड म्हणून अमेरिकन सरकारच्या वैद्यकीय ग्रंथालयाची यादी आहे. तिथे आपल्याला हवे ते शब्द टाकून शोधायचं आणि त्या शोधाचंच फीड करून घ्यायचं. पुढे त्या शब्दांचं काही छापलं गेलं की आपल्याकडे.

या शेवटच्या गोष्टीवर मी जरा थांबतो, कारण इथे माणसं मरतात.

१ नोव्हेंबर २०१८. कल्याण पूर्वेला चक्कीनाक्याजवळ एका विहिरीत पाच माणसं गुदमरून मेली. त्यात दोघे अग्निशमन दलाचे, वाचवायला उतरलेले. मे २०१९. ठाण्यात ढोकाळीला एका सोसायटीच्या मैलापाण्याच्या टाकीत तीन कामगार मेले. टाकीत उतरणारी माणसं बहुतेक कुठल्या समाजाची असतात हे मी तुम्हाला सांगायला नको. दोन दिवस बातमी येते, नगरसेवक येतो, फोटो निघतो. आता यातलं शास्त्र बघा. गटारात, टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. सडक्या अंड्याचा वास. पण हवेतल्या दहा लाख भागांत शंभरच्या आसपास त्याचं प्रमाण गेलं की नाक बधिर होतं, वास येणंच बंद होतं. आत वाकून वास घेणारा मुकादम म्हणतो, काही नाही, उतर. वास गेला म्हणजे वायू गेला असं त्याला वाटतं, आणि नेमकं तेव्हाच वायू मारायच्या तयारीत असतो. दुसरी गोष्ट, पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही मरतो. सगळ्या जगात असंच घडतं, सगळ्या जगात ते लिहिलं गेलंय. दशकानुदशकं लिहिलं गेलंय! आणि ते माहीत नसलेला माणूस टाकीच्या तोंडावर दोरी धरून उभा आहे.

हे अज्ञान कुणाचं? कामगाराचं नाही. ज्याच्या टेबलावर ही माहिती असायला हवी त्याचं. पण तो आणणार नाही. २०१३ चा कायदा आहे, माणसाला गटारात उतरवायला बंदी आहे. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१४ मध्ये मेलेल्याच्या घरी दहा लाख द्या म्हटलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते तीस लाख केले. तरी माणूस उतरतोच आहे. तेव्हा सफाई कामगार आणि भारत हे शब्द टाकून केलेलं एक फीड आपल्या युनियनच्या पोराच्या मोबाइलवर असलं पाहिजे. महापालिकेतल्या साहेबासमोर बसताना मोर्च्याची ताकद पाठीशी असावीच, पण गेल्या महिन्यात छापलेला पेपरही हातात असावा. मोर्च्याला साहेब सरावलेला असतो. छापील कागदाला त्याला लेखी उत्तर द्यावं लागतं.

डोंबिवलीकरांना वेगळं सांगायला नको. २६ मे २०१६ ला एमआयडीसीत स्फोट, २३ मे २०२४ ला परत स्फोट. वालधुनी आणि उल्हास या नद्यांच्या पाण्यावर, गाळावर संशोधन होतच असतं. नद्यांची नावं टाकून शोध लावून ठेवा. तुमच्या नाकाला जे रोज कळतं ते आकड्यात कुणीतरी मांडलेलं असतं.

नोकरीचंच घ्या. 'जात कुठे राहिलीय आता' असं ऑफिसात ऐकवणारे भेटतात ना? सुखदेव थोरात, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेला आपला माणूस, आणि न्यूयॉर्कचे पॉल अॅटवेल या दोघांनी एक साधा प्रयोग केला. पेपरात आलेल्या खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, लायकी सारखी, फक्त नाव वेगळं. उच्चवर्णीय नावाला पुढच्या बोलावण्याची संधी एक धरली, तर दलित नावाला ती ०.६७ निघाली, मुस्लिम नावाला ०.३३. ऑक्टोबर २००७ मध्ये हे छापून आलं. आता सांगा, त्या साली ठाणे-बेलापूर पट्ट्यात अर्ज टाकत फिरणाऱ्या आपल्या किती पोरांना हे कळलं? पोरगं घरी येऊन म्हणत होतं, माझंच इंग्रजी कच्चं, माझाच इंटरव्ह्यू बिघडला. बाप म्हणत होता, तूच नालायक. पुरावा छापलेला होता.

काहीजण म्हणतील, एवढं कशाला, व्हॉट्सअॅपवर येतंच की सगळं. येतं ना. बाबासाहेबांनी कधी न म्हटलेली वाक्यं बाबासाहेबांच्या फोटोखाली येतात. इन्स्टावर काय दिसायचं ते कंपनी ठरवते, तुमचं डोकं जास्तीत जास्त वेळ कशाने तापेल हे मोजून ठरवते. फीडमध्ये कुणी ठरवत नाही. जर्नलात जे आलं ते आलं, आलं त्या क्रमाने आलं. कंटाळवाणं असलं तरी येतं. मला ही त्याची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आपल्या वाट्याला काय यायचं हे मधल्या माणसाने ठरवायचं, हीच तर जात. इथे तो मधला माणूसच नाही. गुगलने स्वतःचं रीडर १ जुलै २०१३ ला बंद करून टाकलं, लाखो लोकांचं दुकान एका दिवसात बसलं. पण फीड मेलं नाही, कारण ते कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. आपली यादी एका फाइलीत घ्यायची आणि दुसऱ्या रीडरात जायचं.

आता कुलूप. फीडवर नाव येतं, सारांश येतो, दुवा दाबला की पडदा पडतो: पैसे भरा. एका लेखाला कधी कधी आपल्या आठवड्याच्या किराण्याइतके. पैसा जनतेचा, प्राध्यापकाचा पगार जनतेच्या करातून, ज्याच्यावर लिहिलं तो माणूस आपल्या वस्तीतला, आणि वाचायची बंदी आपल्यालाच. हे कुठेतरी बघितलंय ना? चवदार तळं! तळं नगरपालिकेचं, कागदावर सगळ्यांना खुलं, पण पाणी प्यायला गेलं की डोकी फुटतात. कल्याणला सार्वजनिक वाचनालय निघालं १८६४ साली, ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली. मोठी कामं, नाकारत नाही. पण त्या काळातल्या 'सार्वजनिक' या शब्दात आपण बसत नव्हतो, म्हणून तर १९२३ साली बोले ठराव करावा लागला आणि १९२७ साली महाडला जावं लागलं. 'सार्वजनिक' शब्द ऐकला की आत कोण आणि बाहेर कोण हे बघायची आपली खोड आहे, आणि ती चांगली खोड आहे.

ती खोड लावून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' बघा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलं. २०२५ ते २०२७, तीन वर्षं, सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळजवळ तेरा हजार जर्नलं. ऐकायला छान. पण कुणाला? सरकारी शिक्षणसंस्था आणि सरकारी संशोधन संस्थांना. आपल्या पट्ट्यात गल्लोगल्ली जी विनाअनुदानित कॉलेजं आहेत, ज्यांच्या फीसाठी आईने मंगळसूत्र गहाण टाकलं, ती त्यात नाहीत. कॉलेज सोडून भिवंडीच्या गोदामात लागलेलं पोरगं त्यात नाही. सहा हजार कोटी प्रकाशकांना मोजले आणि राष्ट्र मात्र कॉलेजच्या फाटकाशी संपलं.

या कुलुपावर लढलेली माणसं आहेत. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिसने केस ठोकली, पुस्तकातली पानं पोरांना झेरॉक्स करून देतो म्हणून. पोरं दुकानाच्या बाजूने उभी राहिली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने निकाल दुकानाच्या बाजूने दिला. आणि अॅरन स्वार्ट्झ. ज्या आरएसएसबद्दल मी सांगतोय, त्याची १.० ही आवृत्ती २००० साली लिहिणाऱ्यांत हा पोरगा होता, तेव्हा चौदा वर्षांचा. पुढे जेस्टोरमधले लाखो लेख एमआयटीच्या जाळ्यातून उतरवले म्हणून त्याला २०११ साली पकडलं, खटला भरला. ११ जानेवारी २०१३ ला त्याने जीव दिला. वय सव्वीस. रोहित वेमुलाचंही वय सव्वीसच होतं, जानेवारीच होता, २०१६ चा.

कुलूप फुटेपर्यंत बसून राहायचं का? नाही. लेखकाला सरळ मेल टाका. मी टाकतो. 'मी कल्याणला राहतो, आपण आमच्यावर लिहिलंय, मला वाचायचंय.' प्राध्यापक मंडळी बहुतेक वेळा पाठवतात. त्यांनाही कुणी वाचतंय याचा आनंद होतो, आणि ज्याच्यावर लिहिलं तोच वाचतोय म्हटल्यावर थोडा घामही फुटतो. फुटू दे. पुष्कळदा लेखकाच्या स्वतःच्या पानावर प्रत ठेवलेली असते, अनपेवॉल नावाचं साधन ती शोधून देतं.

इंग्रजीचं काय, हा प्रश्न खरा आहे, त्याला मी उडवून लावणार नाही. सारांश डिक्शनरी घेऊन वाचता येतो, यंत्राचं भाषांतरही कामचलाऊ मिळतं, पण यंत्र 'कास्ट'चं प्लास्टर करतं आणि 'डाउनट्रॉडन'ला पायदळी तुडवतं. मला उपाय जुनाच दिसतो. 'जनता' वस्तीत यायचा तेव्हा एकजण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. ऐकणाऱ्यांत सही न येणारी माणसं होती, पण लंडनच्या गोलमेजीत काय झालं हे त्यांना माहीत असायचं. आपण सगळे ग्रॅज्युएट, आणि आपल्याला चक्कीनाक्याच्या विहिरीत कुठला वायू होता ते माहीत नाही.

आपल्यातले जे पीएचडी झालेत, होताहेत, त्यांना एक विचारायचंय. फेलोशिप अडली की तुम्ही आझाद मैदानावर बसता तेव्हा आम्ही तुमच्या बाजूला येऊन बसतो, पुढेही बसू. पण तुमचा पेपर छापून आला की त्याची मराठीतली दोन पानं वस्तीत का येत नाहीत? बढतीसाठी लिहायचं ते लिहा. आमच्यासाठी दोन पानं जास्त लिहा.

आम्ही कल्याण पूर्वेत चौघांनी मिळून वाटणी केलीय. एकाकडे कामगार आणि नोकऱ्या, एकीकडे आरोग्य आणि सफाई काम, ती स्वतः नर्सिंग करते. माझ्याकडे घरं आणि वस्त्या. चौथ्याकडे नद्या आणि केमिकल, त्याची बीएस्सी झालीय. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी विहारात बसतो, प्रत्येकाने एकच पेपर मराठीत सांगायचा, वीस मिनिटं, मोबाइल खाली ठेवून. सुरुवातीला सहाजण होते ऐकायला, आता पंधरा-वीस येतात, त्यात दोन कंत्राटी सफाई कामगार आहेत, आणि चुकीचं सांगितलं की तेच थांबवतात. कायद्याच्या जर्नलांना अजून माणूस मिळालेला नाही. अॅट्रॉसिटीचे निकाल, कंत्राटी कामगारांचे निकाल, सगळं तसंच पडून राहतंय. ठाणे, कळवा, उल्हासनगर, कुठलंही चालेल. एलएलबी करणारं कुणी असेल तर रविवारी या.